मागून येणारी कार

रिटायर झाल्यावर ह्यांनी जुनी मिनीबस घेतली आणि तिच्यात पलंग, ओटा, बेसिन बसवून फिरतं घर केलं. मुक्कामाला पोचलो की गावातल्या बोळांतून हिंडायला आमची छोटी कारही सोबत हवी होती. "मी आणते ना मागून चालवत," असं मी म्हटलं, तर म्हणाले, "एवढ्या लांब तुला जमायचं नाही. बसला जोडूनच नेऊ." त्यासाठी आज उल्हासनगरला मोटवानींच्या वर्कशॉपमध्ये आलो. त्यांनी बस आणि कारच्या मध्ये लोखंडी दांडा बसवला, जादा साखळ्या लावल्या, बसचा ब्रेक दाबला की कारचे लाल दिवे लागतील अशी वायर ओढली. मला भारी कुतूहल. "चारही चाकं रस्त्यावरच? आणि आत कोणी नसताना वळणावर स्टेअरिंग कोण फिरवणार?" "आपोआप फिरतं, भाभी," मोटवानी म्हणाले. "तेच तर!" हे खुशीत म्हणाले, "कोणाला चालवायलाच लागत नाही." "गाडी न्यूट्रलला टाका, हँडब्रेक सोडा. फक्त चावी आत लावून ठेवा, नाहीतर स्टेअरिंग लॉक होईल," मोटवानींनी सांगितलं. ह्यांनी शर्टाचा खिसा चाचपला, मग पँटचे. बसमध्ये चढून उशा उलट्यापालट्या केल्या. मोटवानी टॉर्च घेऊन दांड्याखाली वाकले. "अगं, कारची चावी कुठे गेली?" हे आतून ओरडले. मी पर्समधून चावी काढली, पण हातातच धरून ठेवली. "सकाळी बदलापूरहून इथवर, तुमच्या बसच्या मागून, ती कार कोणी आणली?"