करंगळीनं सरकणारी कडी

"ही पण नको." बाईनं चौथी कडी काउंटरवर आपटली.

दुकानदाराच्या कपाळावर आठ्या चढल्या. दुकान उघडल्या उघडल्या असलं गिऱ्हाईक पदरी पडावं, याचा त्याला मनापासून संताप आला. लाँचच्या केबिनच्या दाराला दोन सरकत्या कड्या आणि सामानाच्या खणांना सहा, एवढीशी खरेदी. त्यासाठी बाई अर्धा तास त्याचं डोकं खात होती. जुन्या स्पीकरमधलं लोहचुंबक तिनं घरून आणलं होतं. कडी हातात आली की त्याला लावायची आणि टक्कन चिकटली की परत.

"मावशी, पितळी आहे ती. दिसत नाही का?"

"पितळ चिकटत नाही. वरून नुसतं पितळेचं पाणी दिलंय, आत लोखंड. खाऱ्या हवेत जाम होणार ती."

खिळे निवडायला आलेली दोन गिऱ्हाइकं खिळे सोडून इकडे कान लावून उभी राहिली. दुकानदाराचा पारा चढला.

"अहो, अख्खी गोदी माझ्याकडून माल नेते. आजवर कुणी ब्र काढला नाही. ही बघा, करंगळीनं सरकते!" त्यानं खरंच करंगळीनं कडी पुढेमागे सरकवून दाखवली.

"मागल्या वर्षीही असंच दाखवलंत. चांगल्या असतील त्या काढा. उद्यापासून लाँचवर माझा धाकटा जाणार आहे."

"मग त्यालाच पाठवायचं होतंत! बायकांना काय कळतं यातलं?"

बाई लोहचुंबक हातात धरून तशीच उभी राहिली. शेवटी झक मारत तो शिडीवर चढला आणि वरच्या फळीवर धूळ खात पडलेला एक खोका घेऊन उतरला. त्यातली एकही कडी चिकटली नाही. बाईनं पैसे दिले आणि आठही कड्या पिशवीत टाकल्या.

"झालं समाधान? या आता."

ती हलली नाही. पिशवीच्या तळातून तिनं फडक्यात गुंडाळलेला दाराच्या फळीचा तुकडा काढला आणि त्याच्यासमोर ठेवला. त्यावर गंजून लाल झालेली एक कडी होती, लावलेली. एका कोपऱ्यात अजून पिवळा मुलामा चमकत होता. कडीची मूठ ठेचून ठेचून वाकडी झाली होती.

"लाँच बुडाली तेव्हा माझा थोरला केबिनमध्ये झोपला होता. वर काढली तेव्हाही कडी लागलेलीच होती. हे घाव त्यानं आतून घातलेत."

खिळेवाल्यांपैकी एकजण दोन पावलं पुढे सरकला.

"सरकवा," बाई म्हणाली. "करंगळीनं."

दुकानदारानं आधी अंगठा लावून पाहिला. मग दोन्ही हात लावले.