क्रमांक सातचा ठावठिकाणा

साहेबांनी यादीवरचे बोट उचलले नाही आणि बाबांनी तोंड उघडले नाही. दोघांच्या मध्ये उभ्या असलेल्या लेकीला त्या शांततेत फक्त यंत्रांच्या पंख्यांची घरघर ऐकू येत होती.

नद्यांच्या पाणीपातळीच्या चाळीस वर्षांच्या नोंदी ज्या संगणकात साठवल्या होत्या, ते क्रमांक सातचे यंत्र वार्षिक तपासणीत जागेवर नव्हते. सहा महिन्यांपूर्वी निवृत्त होईपर्यंत ही यंत्रखोली बाबांच्या ताब्यात होती, म्हणून आज त्यांनाही बोलावून घेतले होते. आता त्यांच्या खुर्चीवर लेक होती, हंगामी.

"निवृत्तीच्या दिवशी घरी काय काय नेलंत?" साहेबांनी विचारले.

बाबा खिडकीबाहेर पाहत राहिले. कार्यालयाची पेन्सिलही कधी घरी न आणणारा माणूस आज मूग गिळून का बसला होता?

"चारपर्यंत यंत्र सापडलं नाही, तर चोरीची तक्रार जाईल," साहेब म्हणाले. "आणि बाई, तुमचा कायम नेमणुकीचा कागदही तसाच राहील. वडिलांच्या पुण्याईवर लागलात. पुण्याई संपली."

"यंत्र चालू आहे, साहेब. हाक मारली की ओ देतं. या तारेवर बाहेरचं यंत्र येऊच शकत नाही. ते याच इमारतीत आहे."

"मग दाखवा."

ती काळ्या पडद्यासमोर बसली. इथूनच क्रमांक सातमध्ये शिरून तिने एक ओळ लिहिली: थांब म्हणेपर्यंत दर दोन सेकंदांनी घंटी वाजव. कळ दाबली.

टुक्. आवाज तिच्याच टेबलावरून आला. टुक्.

"वा! सापडला की चोर!" साहेब खो खो हसले.

बाबा नुसतेच खाकरले. मग तिला उमगले, घंटीचा निरोप तारेवरून उलटा तिच्याच पडद्याकडे येत होता. ओळीच्या शेवटी तिने एक बाण जोडून आवाजाची वाट वळवली: माझ्याकडे येऊ नको, तुझ्याच पोटात वाज.

टेबल गप्प झाले. दूर कुठेतरी, भिंतींच्या पलीकडे, हट्टी पाखरासारखे काहीतरी टुकटुकू लागले.

तिघे निघाले. नकाशांच्या खोलीत आवाज पातळ झाला, जिन्यावर हरवला, मधल्या बोळात पुन्हा भेटला. ती दारादाराला कान लावत गेली आणि शेवटी ज्या दाराशी थांबली, त्यावर साहेबांचीच पाटी होती.

"अहो, इथे काय? ही माझी खोली!"

टुक्, खोली म्हणाली.

ती टेबलाखाली वाकली. साहेब जोडे काढून ज्यावर पाय टेकवत, तो गादी घातलेला ठोकळाच बोलत होता.

"हे तर... मला वाटलं, विजेवर गरम होणारं स्टूल!" साहेब पुटपुटले. "कुणीतरी आपुलकीनं आणून ठेवलं असेल. थंडीत काय छान ऊब येते!"

"चाळीस वर्षांच्या नद्या पायाखाली, साहेब, आणि मोजे कोरडे!" लेक म्हणाली.

साहेब आधी लाल झाले, मग इतके हसले की डोळे पुसावे लागले. त्यांनी तक्रार टराटरा फाडली आणि नेमणुकीचा कागद पुढे ओढला. "ही युक्ती वडिलांची?"

"छे. ते तर सकाळपासून एक शब्द बोललेले नाहीत."

"मग पुण्याई तुमचीच," म्हणत त्यांनी झोकदार सही ठोकली आणि ही गंमत सगळ्यांना सांगायला ते बाहेर धावले.

लेकीने धूळ झटकायला गादी उचलली. खाली एक चिठ्ठी चिकटवलेली होती; तिरके, ओळखीचे अक्षर, तारीख निवृत्तीच्या दिवसाची: 'क्रमांक सात. यंत्रखोली गळते. वीज न जाणारी खोली इमारतीत ही एकच. मुक्काम येथेच.'

"बाबा! म्हणजे तुम्हाला सगळं ठाऊक होतं? चोर म्हणवून घेतलंत, पण बोलला नाहीत?"

बाबांनी सहीच्या ओल्या शाईवर हलकी फुंकर घातली, कागद तिच्या हातात दिला आणि शीळ घालत ते जिना उतरून गेले.