अंगुरीसाठी स्थळ

१९७४ साल. रिसोडचे कापडवाले लखमीचंद सेठ सुमेर जैन नावाच्या विनोदी लेखकावर भलतेच फिदा होते. साप्ताहिक आलं की दुकानाच्या गादीवर बसून मोठ्यानं वाचायचे. वीस तागे उलगडून शेवटी एक रुमाल विकणाऱ्या सेठची गोष्ट वाचताना तर हसून हसून त्यांचं पोट दुखलं. "हा त वाशिमचा भागचंदच हाय!"

त्यांची सून राजमती नवी नवरी होती, तेव्हा तिनं भीतभीत विचारलं होतं, "मामाजी, मी काही लिवू काय?"

"बाईमाणसाले काय करा लागते लिवून?" म्हणत सेठनी विषय तिथंच मिटवला होता.

सुमेरला मात्र त्यांनी संपादकांच्या पत्त्यावर स्वतःहून चिठ्ठी धाडली. 'तुमी आपल्याच समाजाचे दिसता. लग्न झालं नसन, त आमच्या पोरीले, अंगुरीले पाहून जा. असं डोकं आमच्या घरात पाह्यजे.'

पंधरा दिवसांनी राजमतीनं चहाच्या कपासोबत एक बिनतिकिटाचं पाकीट त्यांच्यापुढे ठेवलं. आत सुमेर जैनचं उत्तर होतं.



'मामाजी, ते डोकं घरातच हाय. पाच वर्षांमागं तुमीच सून म्हणून आणलं. चहा घ्या, थंडा होऊन राह्यला.'