ओझं वाढनं

बेबाबाईनं सुपडीला बाकावर बसवलं आणि कमरेवर हात ठेवून पाठ सरळ केली. एस.टी. स्टँडापासून जळगावच्या मोठ्या दवाखान्यापर्यंत लेक कडेवर होती. पाच वर्षांची पोर, पण थोडी चालली की ओठ निळे पडायचे. काळजात जन्मापासून भोक. "बारा किलो भरू द्या, मग मुंबईला ऑपरेशनला पाठवतो," असं डॉक्टर दोन वर्षं सांगत होते, आणि काटा दोन वर्षं बाराच्या अलीकडेच हटून बसला होता.

आधीची दोन लेकरं राहिली नाहीत, ही तरी जगावी म्हणून हिला जन्मताच सुपात घालून लोळवली होती. तेव्हापासून ती सुपडी. सासू तेव्हा म्हणाली होती, "हळूच वो, पाखडताना उडी जाई पोर." इतकी हलकी.

आज मात्र बेबाबाई तयारीनं आली होती. एरंडोलला गाडीत बसण्याआधी तिनं सुपडीला दोन केळी चारली, वर पेलाभर दूध पाजलं. काट्यालाही थोडं फसवावं लागतं, असं तिचं मत होतं.

नंबर यायला वेळ होता. तेवढ्यात कॉलेजची एक पोरगी पेन्सिल आणि छापील कागद घेऊन शेजारी येऊन बसली. नाव शैला, राहायला पिंप्राळ्यात. दुखणाईत मुलांच्या आया किती चिवट असतात, ते तिला मोजायचं होतं. मुलांना तोलायला दवाखान्यात काटा होता, आयांना तोलायला शैलाकडे प्रश्न होते.

"मावशी, मन खचलं तर तुम्ही काय करता?"

"भाकरी करस. मन खचो नही तं उडो, भाकरी तं करनीच पडस."

शैलानं ते लिहून घेतलं. पुढचा प्रश्न कुणी तरी विद्वानानं जिभेला गाठ पडेल असा लिहिला होता. 'काळजीवाहू व्यक्तीस जाणवणारा भार.' शैला शहाणी पोरगी. असलं गावाकडच्या बाईला कसं कळणार, म्हणून तिनं तो सोपा करून विचारला.

"पोरीचं ओझं गेल्या वर्षापेक्षा कमी झालं, तेवढंच आहे, की वाढलं?"

बेबाबाईचा चेहरा उजळला. इतक्या दिवसांत नेमकं हेच कुणी विचारलं नव्हतं.

"वाढनं वो माय, भलतं वाढनं! पहिले काखमा पोर शे का नही, हाई बी समजे नही. आते कंबर मोडी जास!"

बोलून गेली आणि तिनं पटकन जीभ चावली. लेकराला जड झालं म्हणायचं नसतं. नजर लागते, आणि आईची तर आधी लागते. तिनं बाजूला तोंड करून थू थू केलं.

शैलाला वाटलं, बिचारीला बोलल्याचा पस्तावा झाला. तिनं 'वाढलं'समोर बारीकशी खूण केली.

"चांगली ठळक कर ना," बेबाबाई म्हणाली.

शैलानं पेन्सिल दाबून गिरवलं. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ते पाहून बेबाबाईला भरून आलं. गुणाची पोरगी, परक्याच्या आनंदानं रडते.

मग नाव पुकारलं गेलं.

नर्स कुंदाबाईंनी सुपडीच्या चपला काढल्या आणि तिला काट्यावर उभी केली. बेबाबाईनं डोळेच मिटून घेतले. नवस बोलायलाही धीर झाला नाही, सगळे बोलून संपले होते.

"काय गं, काय चारून आणलीस हिला?" कुंदाबाईंचा आवाज आला.

बेबाबाई चोरासारखी पुटपुटली, "केळा. आनि जराखं दूध."

"ते सगळं वजा कर. तरी बाराच्या वर जाते."

डॉक्टरांनी मुंबईची चिठ्ठी लिहून दिली. बेबाबाई बाहेर आली ती हवेत चालल्यासारखी. आनंद इतका झाला होता की आता रडावं की पोरीचा मुका घ्यावा, तेच तिला कळेना. चिठ्ठी पदराच्या टोकाला बांधायची तर हात मोकळे हवेत. शैला अजून बाकावरच होती.

"जराशी धर ना इले."

शैलानं कागद खाली ठेवले आणि सुपडीला उचललं. उचलताच तिचा तोल गेला. तिनं दोन्ही हातांनी पोरीला घट्ट धरलं आणि हसत म्हणाली, "अगं बाई! केवढी जड आहे हो ही!"

म्हणाली आणि थबकली. बाकावरच्या कागदाकडे पाहिलं, गिरवून गिरवून काळ्या केलेल्या त्या खुणेकडे पाहिलं, मग बेबाबाईकडे.

बेबाबाईची गाठ अर्धीच राहिली होती. ती अवतीभोवती कोणी ऐकत नाही ना ते बघून जवळ सरकली.

"आखो एकदाव तेच म्हन ना, माय," ती हळूच म्हणाली. "नजर मी घर जाईसन उतारसू."