चिमण्यांची तीस घरटी

“जरा ओबडधोबडच करा मिस्त्री, मुलांनी केल्यासारखी दिसायला हवीत,” मॅडम म्हणाल्या. शनिवारी पालकांसाठी प्रदर्शन होतं आणि त्यांना चिमण्यांची तीस लाकडी घरटी हवी होती.

या शाळेत म्हणे मुलं हातांनी शिकतात. तसं भिंतभर रंगवूनही ठेवलंय. वर्गाच्या कोपऱ्यात मुलांच्या उंचीचं सुतारकामाचं टेबल मीच करून दिलं, वर छोट्या हातोड्या टांगल्या. जूनपासून एकही हातोडी खाली उतरली नाही, कारण कुणाचं बोट चेचलं तर आईबाप भांडायला येतील. बत्तीस वर्षं मी सरळ खिळे मारून पोट भरलं आणि आता या शहाण्यांसाठी वाकडे मारत बसलो होतो.

चौथीतली एक मुलगी रोज मधल्या सुट्टीत येऊन बघत उभी राहायची. मी तिला हातोडी दिली. पहिले खिळे वाकले, ते तिने उपटले आणि पुन्हा मारले. चार दिवसांत तिचं एक घरटं उभं राहिलं.

शुक्रवारी मॅडमनी सगळी घरटी तपासली. एकोणतीस त्यांना पसंत पडली. तिसावं त्यांनी बाजूला सारलं.

“हे फारच नीट झालंय. मुलांनी केलंय असं कुणाला वाटणारच नाही.”

“तेवढं एकच हिनं केलंय,” मी शेजारी उभ्या असलेल्या मुलीकडे बोट दाखवलं.

मॅडमनी कौतुकाने तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि हातोडी तिच्यापुढे धरली.

“शाब्बास बाळा. आता ते जरा वाकडं कर बघू.”