गढीखालची माणसं

“सर, गढी एवढी मोठी आणि माणसं एवढुशी का?” ग्रंथपाल स्पृहाताईंनी विचारलं.

कमलाकर सर या प्रश्नाचं उत्तर तीस वर्षं देत आले होते. “गढी म्हणजे काळ,” ते म्हणाले. “काळापुढे माणूस एवढाच.”

दिग्रसच्या वाचनालयात टांगलेलं ते जलरंगातलं चित्र एकेकाळी राज्यात पहिलं आलं होतं. खाली सही कमलाकर सरांची. आज ते त्यावर बोलणार म्हणून जुने विद्यार्थी जमले होते.

तिसऱ्या रांगेत धावजी दिसला आणि सरांचं वाक्य अर्धंच राहिलं.

नववीत असताना धावजीनं ते चित्र तांड्यावरून गुंडाळी करून आणलं होतं. सरांनी ठेवून घेतलं आणि स्वतःच्या नावानं स्पर्धेला पाठवलं. बक्षीस लागलं तेव्हा धावजी काहीच बोलला नाही. पण त्यानंतर त्यानं ब्रश हातात धरला नाही. चित्रकलेच्या तासाला कोरा कागद समोर घेऊन बसायचा. पोराचा हात आपण मारला, हे सरांनी पत्नी पद्मजाबाईंनाही कधी सांगितलं नव्हतं.

धावजी उभा राहिला. “सर, ते लोक तिथं काय करून राह्यले?”

ज्यानं काढलं तोच विचारतोय. “लढाई हरून परत चालले असतील,” ते कसेबसे म्हणाले.

“असं होय,” धावजी म्हणाला आणि चित्राकडे बघत राहिला.

सरांनी माइक खाली ठेवला, परत उचलला.

“हे चित्र माझं नाही. या धावजीचं आहे. मी चोरलं.”

पहिल्या रांगेत पद्मजाबाईंनी मान खाली घातली. सर पायऱ्या उतरून धावजीपाशी गेले, हात जोडून उभे राहिले. “धावजी, तुझं आयुष्य मी खाल्लं रे.”

मागून कुणीतरी टाळी वाजवली. मग सगळ्यांनीच धावजीसाठी टाळ्या वाजवल्या. त्याची मान मात्र वर होईना. त्यानं सरांचे जोडलेले हात घट्ट धरले आणि त्यांच्या कानाशी वाकला.

“सर, मी बी चोरूनच आणलं होतं. जमनीचं आहे ते, माह्या बहिणीचं. तिले शाळेत कोणी धाडलंच नव्हतं.”