आत्याबाईंचा मुक्काम

बेगायमने आत्याबाईंचा प्याला काठोकाठ भरला. त्या डोंगराळ गावात घोटभर चहा ओतला की ‘बसा’ आणि प्याला भरून ओतला की ‘निघा’, हे शेंबड्या पोरालाही कळतं. उर्कुया आत्याबाईंना कळलं नसेल, असं कोण म्हणेल? त्यांनी तो संपवला आणि प्याला पुन्हा पुढे सरकवला.

“आण आणखी. छान उतरलाय.”

बेगायमचा नवरा तालाय मान खाली घालून पाव मोडत राहिला. आत्या त्याची, म्हणून बोलायची चोरी.

बाळंतपणानंतरचे चाळीस दिवस कुणीतरी मोठं माणूस जवळ असावं, म्हणून आत्याबाई आल्या होत्या. चाळीस दिवस सरून आठवडा झाला, तरी त्या दारातच आडवं अंथरूण टाकून झोपत. बाळाच्या उशीखाली त्यांचा चाकू. संध्याकाळी जुनिपरच्या फांद्यांची धुरी, डोळे चुरचुरेपर्यंत. वर प्रत्येक गोष्टीत नाक.

“चौथा प्याला कशाला भरलास?” त्यांनी आजही विचारलं.

बेगायमला लाजेने मेल्याहून मेल्यासारखं झालं. शेजारीच सायकाल बसली होती. तालायची ही मामेबहीण आत्याबाईंच्या आधी, बाळ जन्मल्याच्या दुसऱ्या दिवशी, घरात कुणी नसताना आली होती. पाहुण्याला ‘किती दिवस?’ असं विचारायचं नाही, आणि हिला विचारावंसंही वाटत नव्हतं. गोड, हळू बोलणारी. बाळ रडलं की दुरूनच गुणगुणायची. आत्याबाई तिच्याशी चकार शब्द बोलत नसत. बसायच्या त्याही तिला खेटून, जवळजवळ अंगावरच. बिचारी सरकून घ्यायची. तिचा चहा तसाच निवून जायचा.

“असू दे हो, आत्याबाई. एका प्याल्याने काय घर बुडतंय?”

म्हातारीने तालायकडे पाहिलं. तालायने खिडकीकडे पाहिलं.

“मी जाईन गं, सूनबाई,” आत्याबाई म्हणाल्या. “पण तुला अशी एकटी टाकून पाय निघत नाही.”

“एकटी कुठे आहे मी?”

आत्याबाईंचा चेहरा उतरला. त्या उठल्या आणि भरदुपारी धुरी पेटवायला गेल्या.

बेगायमचा संयम सुटला. अंगणात तालायला गाठून ती म्हणाली, “माझ्या बाळाला मला कुशीतसुद्धा घेऊ देत नाहीत. आज त्या जातील, नाहीतर मी बाळ घेऊन माहेरी जाते.”

“आणखी थोडे दिवस...”

“एक दिवससुद्धा नाही.”

तासाभरात आत्याबाईंचं गाठोडं गाडीत पडलं. जाताना त्यांनी बेगायमचा हात घट्ट धरला. “चाकू तेवढा हलवू नकोस, पोरी. म्हातारीचं एवढं ऐक.”

“बरं, बरं.”

गाडी वळली आणि बेगायमने सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. धूर गेला. घर कसं मोकळं वाटायला लागलं! तिला हसू आलं, मग थोडी शरमही वाटली.

“तो चाकू काढ ना,” सायकाल हळूच म्हणाली. “टोचेल बाळाला.”

खरंच की. बेगायमने तो काढून स्वयंपाकघरात ठेवला. तेवढ्यात फोन वाजला. बाळ चुळबुळ करत होतं. सायकालने हात पुढे केले. इतक्या दिवसांत आत्याबाईंच्या धाकाने तिने बाळाला एकदाही घेतलं नव्हतं.

“दे इकडे. मी उन्हात फिरवून आणते.”

बेगायमने बाळ तिच्या हातात ठेवलं आणि फोन घेतला. तालाय बस-थांब्यावरून बोलत होता.

“आत्या बसमध्ये चढतच नाहीत गं. रडताहेत. आम्ही परत येतोय. घरात तू एकटी आहेस, दाराला कडी लाव.”

“पुन्हा तेच! एकटी कुठे? तुझी मामेबहीण आहे की.”

पलीकडे गाडीचं दार आपटल्याचा आवाज आला.

“बेगायम, दीड महिना आपल्या घरात आपण तीनच मोठी माणसं होतो. तू रोज रिकाम्या जागेपुढे चहा ठेवायचीस. आत्या म्हणाल्या, बाळंतिणीला घाबरवायचं नाही, मी बसते राखणीला. म्हणून मी गप्प राहिलो.” मग त्याचा आवाज एकदम बदलला. “बाळाचा आवाज ऐकू येत नाही. बाळ कुणाकडे दिलंस?”